एक रेघ, सहा थाट : आपल्या गाण्यासाठी पेडल स्टील गिटार

अमळनेरकडच्या एका गावात आषाढी एकादशीच्या रात्री मी पहिल्यांदा पेडल स्टील घेऊन भजनाला बसलो. पखवाज, टाळ, पेटी आणि कडेला माझं चार पायांचं वाद्य : आडवी मांडलेली इलेक्ट्रिक गिटार, जिच्या तारांवर धातूचा बार सरकवायचा आणि पायाच्या पेडलांनी, गुडघ्याच्या लिव्हरनी तारांचे सूर बदलायचे. दोन अभंग झाले, चहा आला. पेटीवाले आबा कप खाली ठेवत म्हणाले, "वाजाडस चांगलं भो, पन तुनं वाद्य नुसतं रडस. बोलत नही."

त्या एका वाक्यावर मी पुढची दोन वर्षं काम केलं. त्यात हाताला जे लागलं ते इथे क्रमाने सांगतो. तुम्ही हवाईयन गिटार वाजवत असाल किंवा पेडल स्टीलचे अमेरिकन धडे गिरवून झाले असतील आणि आता भजन, ओवी, खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी, अहिराणी गाणी यांच्याबरोबर बसायचं असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

आबांना खटकलेली गोष्ट आधी समजून घेऊ. तार छेडायची आणि ती वाजत असतानाच पेडल दाबायचं, म्हणजे एक सूर जागेवर राहतो आणि शेजारचा वाकून वर चढतो. अमेरिकन कंट्री संगीताची सही ती हीच. मुळात पेडल यासाठी नव्हतंच. सुरुवातीच्या वाद्यांत पेडलचं काम तारांची जुळवणी बदलणं एवढंच होतं : दाबा, नवी जुळवणी मिळेल, मग वाजवा. १९५४ साली गाजलेल्या, कंट्री गायक वेब पिअर्स यांच्या एका गाण्यात बड आयझॅक्स यांनी सूर चालू असताना पेडल दाबलं, ते लोकांना वेड लावून गेलं आणि कंट्रीचं माहेर असलेल्या नॅशव्हिलचे वादक त्या वाटेने गेले. आपल्याला १९५४ च्या आधीच्या कल्पनेकडे परत जायचं आहे. पेडलने जुळवणी बदलायची आणि गळ्याचं काम डाव्या हातातल्या बारकडून करून घ्यायचं.

वाद्य कोणतं घ्यावं

यावर फार वेळ घालवू नका. दहा तारा, तीन पेडल, चार लिव्हर, ई-नाइन नावाची जुळवणी, एकच मान (तारांचा एकच संच) : एवढं पुरे. दोन मानांचं वाद्य जड असतं. त्यातली सी-सिक्स ही दुसरी मान जाझसाठी सुंदर आहे, पण पहिली दोन वर्षं तिची गरज पडत नाही. जळगाव-धुळ्याच्या दुकानांत मला हे वाद्य कधी दिसलं नाही, बाहेरूनच मागवावं लागतं. मागवण्याआधी कस्टम ड्युटी आणि वाहतूक मिळून किती होईल ते लेखी घ्या. मी घेतलं नव्हतं आणि वाद्य दारात आल्यावर उसने पैसे काढावे लागले.

पैसे जमेपर्यंत साध्या लॅप स्टीलवर (मांडीवर ठेवायच्या, पेडल नसलेल्या गिटारवर) बार, बोटं आणि कान तयार करा. ते काम वाया जात नाही.

तारांची चिंता नको. तिसरी तार सगळ्यात जास्त तुटते. ती ०.०११ इंचाची साधी पोलादी तार असते आणि इलेक्ट्रिक गिटारच्या अकरा नंबरच्या सेटमधली पहिली तार तिथे चालते. पाच-सहा जवळ ठेवा. गुंडाळलेल्या तारा मात्र निकेल किंवा स्टेनलेस स्टीलच्याच घ्या, अकूस्टिक गिटारच्या ब्राँझच्या तारा पिकअपला (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकाला) नीट ऐकू येत नाहीत.

दहा तारांना सरगमची नावं द्या

अमेरिकन तक्त्यात प्रत्येक तारेला इंग्रजी अक्षर असतं. तो तक्ता आठवडाभर बाजूला ठेवा. चौथ्या तारेला सा माना. मग तुमच्यापासून सगळ्यात लांबच्या तारेपासून जवळच्या तारेपर्यंत हे असं येतं :

पहिली रे, दुसरी नी, तिसरी ग, चौथी सा, पाचवी प, सहावी ग, सातवी रे, आठवी सा, नववी कोमल नी, दहावी प.

पहिल्या दोन तारा उंचीच्या क्रमाने लागलेल्या नाहीत. तिसरी तार त्या दोघींपेक्षा उंच आहे. सुरुवातीला बोट चुकतं, महिनाभरात सवय होते.

आता पेडल. पहिलं पेडल पाचव्या आणि दहाव्या तारेवरच्या प चा ध करतं. दुसरं पेडल तिसऱ्या आणि सहाव्या तारेवरच्या ग चा म करतं. तिसरं पेडल चौथ्या तारेच्या सा चा रे आणि पाचवीच्या प चा ध करतं. लिव्हर गुडघ्याने ढकलायच्या. एक लिव्हर चौथी आणि आठवी तार अर्ध्या सुराने उतरवते, म्हणजे सा चा नी. दुसरी त्याच तारा अर्ध्या सुराने चढवते, म्हणजे सा चा कोमल रे. तिसरीने पहिल्या तारेवरचा रे कोमल ग होतो. चौथीने दुसऱ्या तारेवरचा नी कोमल नी होतो आणि आणखी ढकलल्यास ध पर्यंत उतरतो. कोणत्या गुडघ्याला कोणती लिव्हर, हे वाद्यागणिक बदलतं. तुमच्या वाद्यावर एकेक दाबून बघा आणि वहीत लिहून ठेवा.

आता बार एका रेघेवर (तारांखाली आखलेल्या खुणेवर) ठेवा, हलवू नका, आणि वाजवा : आठवी, सातवी, सहावी, सहावी दुसऱ्या पेडलसह, पाचवी, पाचवी पहिल्या पेडलसह, दुसरी, चौथी. सा रे ग म प ध नी सा. अख्खा बिलावल, म्हणजे सात शुद्ध सुरांचा थाट, एका रेघेवर, डावा हात स्थिर. हे पहिल्यांदा वाजलं तेव्हा मी उठून घरच्यांना बोलावून आणलं होतं.

सा बदला, बार तिथेच ठेवा

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे मूर्च्छना ही जुनी कल्पना आहे : तेच सूर ठेवायचे आणि सा दुसऱ्या सुरावर न्यायचा, म्हणजे वेगळीच स्वरावली उभी राहते. पेडल स्टील हे त्या कल्पनेसाठीच बनवल्यासारखं वाद्य आहे. बिलावलच्या त्याच रेघेवर, त्याच पेडलांत, आणखी पाच थाट दडलेले आहेत.

भैरवी घ्या, कारण भजनाची सांगता तिनेच होते. सहाव्या तारेला सा म्हणा. सहावीवर दुसरं पेडल दाबलं की कोमल रे. मोकळी पाचवी म्हणजे कोमल ग. पाचवीवर पहिलं पेडल दाबलं की म. मग दुसरी तार प, चौथी कोमल ध, पहिली कोमल नी आणि तिसरी तार वरचा सा. एकही लिव्हर लागत नाही. शिवाय सा आणि कोमल रे एकाच तारेवर पेडलच्या अंतरावर असल्यामुळे कोमल रे वरून सा वर उतरणं नुसतं पाय उचलून होतं. पाय झटकन उचलू नका. जिना उतरताना अंधारात पायरी चाचपतो तसा उचला, भैरवीचा सा तसाच यायला हवा.

कल्याण याहून सोपा. सहाव्या तारेवर दुसरं पेडल दाबून जो सूर येतो त्याला सा म्हणा. पाचवी मोकळी रे, पहिल्या पेडलसह ग, दुसरी तार तीव्र म, चौथी प, पहिली ध, तिसरी मोकळी नी, तिसरी दुसऱ्या पेडलसह वरचा सा. यमनचं "नी रे ग" म्हणजे सहावी मोकळी, पाचवी मोकळी, पाचवी पेडलसह. दोन तारांत रागाचा चेहरा दिसतो.

खमाजसाठी दहाव्या तारेला सा माना : पहिल्या पेडलसह रे, आठवी तार उतरवून ग, आठवी मोकळी म, सातवी प, सहावी ध, सहावी दुसऱ्या पेडलसह कोमल नी, पाचवी सा. हे सगळं खालच्या सप्तकात पडतं म्हणून पुरुष गायकाच्या शेजारी चांगलं बसतं. काफीत सा सातव्या तारेवर येतो, आसावरीत दहावी किंवा पाचवी पहिल्या पेडलसह. हे दोन आता तुम्ही स्वतः शोधा, शोधलेलं विसरत नाही. काफीत एखादा सूर कानाला उतरलेला लागला तर बार केसभर पुढे सरकवून सावरून घ्या.

भैरव, तोडी, मारवा, पूर्वी या रीतीने एका रेघेवर सहज येत नाहीत. तिथे कोमल रे साठी चढवणारी लिव्हर आणि बाकीचं बारने, असा मेळ घालावा लागतो.

गायकाची पट्टी कळली की बार कुठे ठेवायचा याचं गणित पाठ हवं, कारण मंडपात विचार करायला वेळ नसतो. गायक काळी एकमध्ये (त्याचा सा पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर) असेल तर बिलावलसाठी नववी रेघ, काफीसाठी सातवी, भैरवीसाठी पाचवी, कल्याणसाठी चौथी, खमाजसाठी दुसरी. आसावरीसाठी मोकळ्या तारा किंवा बारावी. पट्टी अर्ध्या सुराने चढली की सगळं एकेक रेघ पुढे : पांढरी दोनला भैरवी सहाव्या रेघेवर, काळी दोनला सातव्या. मी हा तक्ता कागदावर लिहून वाद्याच्या कडेला चिकटवला होता. कागद निघाला तोवर तो डोक्यात बसला होता. वाद्य गायकाच्या पट्टीत नव्याने जुळवण्याच्या फंदात पडू नका. प्रत्येक पेडल नव्याने लावत बसाल आणि तोवर आरती होऊन जाईल.

आधी पेडल, मग आघात

आता हाताची शिस्त. पहिले तीन महिने एकच नियम पाळा : पेडल दाबायचं ते तार छेडण्याआधी. सूर वाजत असताना पाय हलवायचा नाही. भैरवीचा तो एक सा सोडला तर मलाही या नियमाला अपवाद करावासा वाटला नाही. पायाला हे जड जातं, कारण बहुतेक धडे उलटं शिकवतात. पण याच एका नियमाने वाद्याची कंट्री बोली सुटते.

सूर हलवायचा तो बारने. त्यासाठी रोज पंधरा मिनिटांचा एक सराव सांगतो. तंबोऱ्याचं ॲप लावा. पाचवी तार छेडा, प ऐका. आता बार दोन रेघा पुढे सावकाश घसरवत ध वर न्या आणि थांबा. मग बार मूळ रेघेवर आणा, पहिलं पेडल दाबा आणि तोच ध वाजवा. दोन्ही ध जुळले का? माझा बारचा ध सहा महिने वरच जात होता. पेडल इथे गुरुजींसारखं आहे, उत्तर दर वेळी तेच देतं.

मींड सरळ रेषेत नको. निघताना रेंगाळायचं, मध्ये वाट कापायची आणि पोचताना पुन्हा हळू व्हायचं. बार रेघेच्या बरोबर वर आहे की नाही हे तिरकं बसून कळत नाही, डोकं बारच्या वर आणून बघा. बारच्या मागे अनामिका आणि करंगळी तारांवर टेकलेली ठेवा, नाहीतर बारच्या मागची तार भुतासारखी घुमते.

कंप कमी करा. हवाईयन गिटारवरून आलेल्यांचा हात सतत थरथरत असतो, माझाही थरथरायचा. सा आणि प वर बार दगडासारखा स्थिर ठेवा. कंप द्यायचा तो ओळ संपताना, लांबलेल्या सुरावर, उशिरा.

उजव्या हातासाठी अंगठ्यात प्लॅस्टिकची नखी आणि दोन बोटांत धातूच्या नख्या. इथे सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे तार बंद करणं. पुढची तार छेडण्याआधी तळहाताची करंगळीकडची कड मागच्या तारेवर हलके टेकवून तिचा आवाज थांबवा. हे केलं नाही तर ग, म, प एकमेकांवर चढून खिचडी होते. गाण्यातले शब्द सुटे ऐकू येतात तसे सूर सुटे ऐकू आले पाहिजेत. आबा "बोलत नही" म्हणाले त्याचं अर्धं उत्तर इथे होतं.

पेटी की तंबोरा

पेडल स्टीलचे बरेच वादक ग कानाने जुळवतात आणि तो यंत्राच्या, म्हणजे ट्यूनरच्या ग पेक्षा साधारण १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली ठेवतात. तंबोऱ्याच्या खर्जातून जो ग आपोआप ऐकू येतो तो हाच. म्हणजे जुळवणीच्या बाबतीत हे वाद्य आधीच आपल्या घरचं आहे.

अडचण पेटीची. पेटीचा ग यंत्राचा, उंच. दोघं एकदम ग वर थांबले की सूर घासतात आणि श्रोत्याला नुसतं "काहीतरी बरोबर नाही" असं वाटतं. यावर मी करतो ते असं : पेटी असेल तिथे ग वर मुक्काम करत नाही. सा, प, म वर थांबतो, ग वरून फक्त जातो. नुसता तंबोरा असेल तर ग वर मनसोक्त बसतो.

मोकळ्या तारा खुंट्यांकडून जुळवायच्या. दाबलेल्या पेडलचा सूर उजव्या टोकाच्या नायलॉनच्या नटांतून, छोट्या पान्याने. क्रम चुकवू नका : आधी मोकळ्या तारा, मग पेडल, मग लिव्हर.

पायाखालचं आणखी एक पेडल

उजव्या पायाखालचं व्हॉल्यूम पेडल म्हणजे या वाद्याचा श्वास. पेडल बंद ठेवून तार छेडा आणि मग हळू उघडा. आघात गायब होतो, सूर धुक्यातून आल्यासारखा येतो. १९८३ साली ब्रायन ईनो यांच्या चांद्रमोहिमेवरच्या संगीतात डॅनियल लॅन्वा यांनी या वाद्याचा असाच तरंगता वापर केला. जात्यावरच्या ओवीमागे हे सुंदर लागतं, कारण ओवी चार-पाच सुरांत फिरते आणि तिला खाली फक्त एक जमीन हवी असते. सा आणि प हे दोनच सूर आलटून पालटून उमलू द्या, बस. टाळ-पखवाज रंगात आले की मात्र आघात ठेवा, तिथे धुकं ऐकूच येत नाही.

जोडणीचा क्रम : वाद्य, व्हॉल्यूम पेडल, डिले आणि रिव्हर्ब (प्रतिध्वनी आणि घुमारा देणारी यंत्रं), अँप. व्हॉल्यूम पेडल आधी ठेवलं तरच पाय मिटल्यावर मागची आस विरत जाते. डिले-रिव्हर्ब थोडेच ठेवा. मंदिराचा दगडी सभामंडप स्वतःच भरपूर घुमतो.

ओट्यावर आणि मंडपात

मंदिरात अनवाणी वाजवावं लागतं, हे कोणत्याही धड्यात लिहिलेलं नाही. बूट घालून सराव केला असेल तर अनवाणी पायाला पेडल खोल आणि अरुंद वाटतात. घरी अनवाणीच सराव करा. पहिलं आणि दुसरं पेडल एकाच पायाने दाबायला तळव्याची डावी-उजवी डोलती हालचाल लागते, ती अनवाणी पायाने उलट जास्त नेमकी येते.

दुसरं, हे वाद्य स्टुलावर बसून वाजवायचं आणि भजनी मंडळी जमिनीवर. देवासमोर आणि वडीलधाऱ्यांच्या वर बसणं बरं दिसत नाही. मी ओट्याच्या खाली, अंगणात वाद्य लावतो. मग माझं डोकं आणि पेटीवाल्याचं डोकं एका उंचीवर येतं आणि त्याचा हातही दिसतो.

आपल्याकडचा उन्हाळा हा वाद्याचा खरा शत्रू. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो. उन्हात तापलेल्या गाडीतून वाद्य काढून लगेच जुळवलं तर सावलीत ते पुन्हा हलतं. अर्धा तास आधी पोचा, सावलीत उघडून ठेवा, मग जुळवा. लग्नाच्या मंडपात जनरेटर आणि लायटिंग एकाच बोर्डावर असेल तर पिकअपमधून घूं असा आवाज येतो. साउंडवाल्याला वेगळी लाइन आणि अर्थिंग मागा, आणि आवाज कमी होईपर्यंत स्टूल फिरवून बघा. वाद्याची दिशा बदलली की बराच फरक पडतो.

खालच्या सांध्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब, तीन-चार महिन्यांतून एकदा. जास्त तेल घातलं की धूळ चिकटून लगदा होतो. पेडल जोडणारा एखादा दांडा वाकला तर घाबरू नका. माझा एक दांडा जळगावच्या एमआयडीसीतल्या लेथवाल्या दादांनी जुना बघून तासाभरात नवा करून दिला.

कुठे वाजवायचं, कुठे थांबायचं

गायक शब्द म्हणत असताना हात तारांवर ठेवा, वाजवू नका. ओळ संपली की तिच्या शेवटच्या तीन-चार सुरांची उजळणी करा, टाळकरी ध्रुवपद उचलतात तशी. नवीन काही सुचलं तरी पहिल्या कडव्यात नको. श्रावणातल्या कानबाईच्या जागरणात बायका एकच चाल तासभर म्हणतात. तिथे प्रत्येक फेरीला वेगळी कलाकुसर केली की त्यांचा ठेका तुटतो. मी तिथे एक जागा निवडतो, ओळीच्या शेवटी येणारी, आणि तीच एक जागा तासभर वाजवतो. त्या तासात जेवढं शिकलो तेवढं घरी बसून शिकलो नाही.

कान तयार करायला कंट्रीच्या बाहेरची माणसं ऐका. नायजेरियात किंग सनी अडे यांच्या जुजू संगीतात डेमोला अडेपोजू यांनी ढोलांच्या गर्दीत पेडल स्टील कसं पेरलं ते ऐका. आपल्या ढोल-संबळाच्या गाण्यात कुठे घुसायचं हे त्यातून कळतं. अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीय चर्चमध्ये हेच वाद्य प्रार्थनेला वाजतं. चक कॅम्पबेल आणि रॉबर्ट रँडॉल्फ तिथूनच आले आणि त्यांची तार खरोखर गाते. सुझन अल्कॉर्न यांनी ते मुक्त, विनाचौकट संगीतात नेलं. आणि पेडल नसलेल्या स्टील गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि देबाशिष भट्टाचार्य यांचा आलाप रोज थोडा ऐका. बारची मींड कशी असावी याचं माप तिथे आहे.

पुढच्या एकादशीसाठी एकच अभंग निवडा, पाठ असलेला, संथ चालीचा. चाल आधी तोंडाने म्हणा, मग एकाच तारेवर फक्त बारने, मग त्याच्या थाटाच्या रेघेवर पेडलसह. मंदिरात जाल तेव्हा पेटीवाल्यांना आधी विचारा, "आबा, आज पट्टी कोणती?"